सतरा नंबरची उत्तरपत्रिका

दौलत,

तुझी बातमी देणारी तार शाळेत आली तेव्हा मी सहावीच्या वर्गात फळ्यावर त्रैराशिकाचे उदाहरण सोडवीत होतो. शिपायाने तार हातात दिली. मी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि उदाहरण पूर्ण केले. उत्तर बरोबर आले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तास संपल्यावर मी रजेचा अर्ज लिहिला.

तार एक दिवस उशिरा पोचली होती. बडनेऱ्याला मिळाली ती गाडी धरून अकोल्याला आलो, तोवर सारे आटोपले होते. तुझ्या घरासमोर तुझ्या वर्गातली मुले उभी होती. कोणी सांगितलेले नसताना रांगेत उभी होती, आणि रांग उंचीप्रमाणे लागली होती. तू लावलेली सवय ती. तू नसलास म्हणून मोडली नाही. मी त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. आत यायला मला तेवढा वेळ लागला.

तुझा जन्म कोठला, नोकरी किती वर्षांची, बदल्या किती, हे मी येथे लिहीत नाही. ‘ते सर्व्हिस बुकात हाय, तेच कायले उतरवून राहिला?’ असे तूच म्हणाला असतास. मला दुसरेच सांगायचे आहे. तुझ्या घरी मी दोन दिवस राहिलो. तू गेल्याचा धक्का मी अमरावतीहून बरोबर घेऊनच आलो होतो. दुसरा तुझ्या घरात बसला, आणि त्याची मी कसलीही तयारी केलेली नव्हती. पंचवीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की गोष्ट क्रमाने सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याला कळते आणि सांगणाऱ्यालाही कळते. तसा प्रयत्न करतो.

आपली ओळख अमरावतीच्या नॉर्मल स्कुलातली, मास्तरकीच्या ट्रेनिंगमधली. पाठ देण्याचा सराव असे तेव्हा एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याने मागे बसून दोष टिपायचे. माझ्या एका पाठाचे तू एकोणीस दोष लिहिलेस. अठरावा दोष असा होता: ‘प्रश्न फक्त पुढच्या बाकांना विचारतो.’ मागच्या बाकांवर कोणाची मुले बसतात, हे तू लिहिले नव्हतेस. आपणा दोघांनाही ते ठाऊक होते. त्याच आठवड्यात मेसमध्ये तू माझ्या शेजारी ताट घेऊन बसलास आणि समोरचे दोघे उठून गेले. अंजनगावच्या आमच्या घरी हे कळले असते तर काय झाले असते, याचा विचार करूनही मी उठलो नाही. त्या न उठण्याचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटत राहिला. जेवायला बसलेला माणूस जेवण संपेपर्यंत बसून राहिला, यात अभिमान वाटण्यासारखे काय होते, हे मी स्वतःला कधी विचारले नाही.

पुढे तू अकोल्याच्या जनपद सभेच्या शाळेत लागलास आणि मी अमरावतीच्या. उत्तरपत्रिकांची अदलाबदल आपण कशी सुरू केली, ते मी शिक्षकांच्या बैठकांतून अनेकदा सांगितले आहे, आणि दर वेळी हशा मिळवला आहे. प्रांतरचनेचा वाद पेटला होता ते वर्ष. तू वेगळ्या विदर्भाचा आणि मी संयुक्त महाराष्ट्राचा. अकोल्याला एका लग्नासाठी आलो होतो. निकाल तोंडावर आला असल्याने तपासलेला गठ्ठा पिशवीत होता. स्टेशनाजवळच्या हॉटेलात चहा घेताना तू तुझा गठ्ठा बाकावर ठेवलास आणि मी सहज वरची वही उघडली. निबंधाला वीसपैकी एकोणीस.

“अबे दौलत, याच्यात शुद्धलेखनाच्या बारा चुका हायेत!”

“विचार चांगला हाय.”

“विचार तुया हाय, म्हणून चांगला हाय. पोट्ट्यानं इदर्भ वेगळा पायजे म्हंतलं का त्याच्या साऱ्या चुका माफ?”

तू माझ्या पिशवीतला गठ्ठा ओढून घेतलास आणि एक वही शोधून काढलीस.

“अन हे काय हाय, वासुदेवा? सात? एक काना-मात्रा चुकली नाई लेकराची. मुंबई आपल्या कामाची नाई म्हणते, म्हणून कापले ना?”

“मुद्दे कमी होते.”

“मुद्दे नऊ हायेत. मोजून देऊ?”

मोजण्याची गरज पडली नाही. हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, “गुर्जी, भांडा पण कप फोडू नका.” तेव्हा तू इतका हसलास की चहा तुझ्या सदऱ्यावर सांडला. “दोघंबी लेकाचे चोर आहोत,” असे म्हणून तू रुमाल काढलास, आणि तेथल्या तेथे आपला करार झाला. दोन्ही शाळांच्या सहावीला एकच प्रश्नपत्रिका. मराठीची मी काढायची, गणित आणि इतिहासाची तू. परीक्षा झाली की नावावर कोऱ्या कागदाची पट्टी खळीने चिकटवायची, वर निळ्या पेन्सिलीने नंबर घालायचा आणि गठ्ठे बदलायचे. तुझी मुले मी तपासणार, माझी तू. नंबर कोणाचा, हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. आपल्या हेडमास्तरांनी याकडे कानाडोळा केला, आणि आपण स्वतःला वऱ्हाडातले सर्वांत निःपक्षपाती मास्तर समजू लागलो. मी तर नक्कीच समजू लागलो.

त्यानंतर छप्पनचा दसरा आला आणि तू बौद्ध झालास. तुझ्या वर्गातली जवळजवळ अर्धी घरे झाली. मला ते पटले होते की नव्हते, हा प्रश्न येथे नाही; मी तुला पत्र लिहून अभिनंदन केले होते आणि ते मनापासून होते. त्याच पत्रात एक वाक्य मी लिहिले होते: ‘धर्म घरात; शाळेच्या उंबरठ्याच्या आत तू आणि मी केवळ शिक्षक.’ ते वाक्य लिहिल्यावर मी ते पुन्हा एकदा वाचले होते, कारण ते मला फार आवडले होते.

वार्षिक परीक्षेची मराठीची प्रश्नपत्रिका मी त्या वर्षी फेब्रुवारीत तयार केली. निबंधाला एकच विषय ठेवला: ‘आमच्या घरची दिवाळी.’ तुझे कार्ड आले. ‘दिवाळीच्या जोडीला दुसरा एखादा विषय दे. मुलांना निवड असू दे.’ इतकेच. मी उलट टपाली उत्तर धाडले: ‘दिवाळी कोणाच्या घरी नसते? सोपा विषय आहे, मुलांना आवडेल.’ तू पुन्हा लिहिले नाहीस. तुला पटले, असे मी धरून चाललो.

येथे मी थांबतो, कारण मी वर्गातही येथे थांबलो असतो आणि विचारले असते: चूक कोठे झाली, कोण सांगेल? तुझ्या घरी दिवाळी नाही, हे मला माहीत होते. अभिनंदन करणारा मीच होतो. तरीही प्रश्न लिहिताना ते मला आठवले नाही. कारण दिवाळी हा धर्म आहे असे मला कधी वाटलेच नाही. दिवाळी म्हणजे दिवाळी. तुझ्या घरी जे होते तो धर्म, आणि माझ्या घरी जे होते ते नुसते घरात होणारे. पट्टी आपण मुलांच्या नावांवर चिकटवली, दौलत. माझे नाव प्रश्नातच लिहिलेले होते.

एप्रिलमध्ये तुझा गठ्ठा आला. त्यात सतरा नंबर होता. तो निबंध मी आज शब्दशः सांगू शकत नाही. पण लाल शाईने ज्या ओळींवर रेघा मारल्या त्या मला आठवतात. ‘आमच्या घरी या वर्षी दिवाळी केली नाही. आईने पणत्या धुऊन ठेवल्या होत्या. त्या तिने परत उतरंडीत ठेवल्या. मी ओट्यावर बसून गल्लीतले दिवे मोजले.’ आणि शेवटी: ‘मला वाईट वाटले. नंतर बरे वाटले. का बरे वाटले ते मला सांगता येत नाही.’ या शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली आणि समासात लिहिले: ‘सांगता येत नसेल तर लिहू नये.’ खाली शेरा दिला: ‘विषयांतर. विचारले तेवढेच लिहावे.’ अक्षर नीट होते म्हणून वीसपैकी तीन गुण दिले. मराठीत त्या विद्यार्थ्याला एकूण तीस मिळाले. तेहतीस लागत होते. तो नापास झाला.

मे महिन्यात तू अमरावतीला आलास. उन्हाने तुझा चेहरा काळवंडला होता. माठातले दोन पेले पाणी प्यालास आणि ती एकच उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवलीस.

“सतरा नंबर पुन्यांदा वाच.”

“वाचला ना बावा एकडाव.”

“अजून एकडाव वाच. त्याच्यात चूक काय हाय ते दाखव मले.”

“चूक नाई. विषयच नाई. दिवाळी विचारली, अन हे लेकरू म्हणते केलीच नाई.”

“नाई केली तं काय लिवाव त्यानं?”

“दिवाळी कशी असते ते लिवाव. गल्लीत दिसते ना?”

“म्हंजे खोटं लिवाव.”

“खोटं काहून? कल्पना करून लिवाव. निबंध हाय तो, पोलिसातला जबाब नाई.”

तू पेला खाली ठेवलास. मी जरा चिडून विचारले, “काहून रे, पोट्टं तुया वळखीचं हाय काय?”

तू म्हणालास, “नंबराले वळख नसते. आपलंच ठरलं व्हतं.”

मग तू माझ्या मुलांची चौकशी केलीस, घरच्या पेरणीच्या तयारीची केलीस, जेवलास, आणि चारच्या गाडीने परत गेलास. उत्तरपत्रिका घडी करून तू सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलीस. आपण वाद जिंकलो, असे मला वाटले. तुझ्याशी झालेल्या वादांत असे क्वचितच घडे, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात राहिला.

पुढच्या वर्षी मी विषय बदलला. तुझ्या बोलण्याचा एवढा परिणाम झाला होता. दिवाळी काढली आणि ‘आमच्या घरचा पोळा’ घातला. धर्माचा प्रश्न नको म्हणून शेतकऱ्याचा सण दिला, अशी माझी समजूत. तुझ्या गठ्ठ्यात आठ नंबरचा निबंध होता. लाल्या नावाचा बैल, त्याच्या शिंगांना लावलेला हिंगूळ, पाठीवरची नवी झूल, तोरणाखाली उभा असताना त्याने हिसडा मारून तोडलेला घुंगरांचा पट्टा, आणि पुरणपोळी खाताना हाताला लागलेली त्याची खरखरीत जीभ. मी सतरा गुण दिले. शेरा लिहिला: ‘उत्तम. अनुभवाचे लिखाण असे असते.’ मी तो निबंध माझ्या वहीत उतरवूनही घेतला. दर वर्षी पोळ्याच्या आधीच्या शनिवारी तो सहावीला वाचून दाखवायचा, असा माझा नेम झाला. आठ वर्षे वाचला. ‘पाहिले ते लिहा, जगलात ते लिहा, या अकोल्याच्या मुलासारखे,’ असे मी म्हणत असे. तो मुलगाच असणार, हेही मी परस्पर ठरवून टाकले होते.

आता तुझ्या घरातली दुपार सांगतो.

दुसऱ्या दिवशी माणसे पांगली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझी विमल भांडी आवरून आली आणि आईजवळ बसली. तिला मी लहानपणी पाहिले होते. नंतर तिचे शिक्षण, तिचे ट्रेनिंग, मूर्तिजापूरकडच्या शाळेत तिला मिळालेली नोकरी, हे सारे तुझ्या पत्रांतून कळत गेले. काही तरी बरे बोलावे म्हणून मी बोललो. म्हटले, “विमल, तुझ्या बाबांच्या हाताखाली मुले कशी तयार होत, हे मला विचार. एका मुलाचा पोळ्यावरचा निबंध मी अजून वर्गात वाचतो. आठ वर्षे झाली.”

विमलने मान वर केली. “कोणता, काका? लाल्या बैलाचा?”

मी म्हणालो, “तुला कसा माहीत?”

“मीच लिवला तो.”

मला आनंद झाला, दौलत. हे कबूल केले पाहिजे. एक क्षणभर मला निर्भेळ आनंद झाला. मी म्हणालो, “तुझा? अगं, मग तुमच्याकडे बैल होता?”

“आमच्याकडं बैल कुठून येईन, काका? मास्तराच्या घरी बैल?” ती हसली. “मागच्या गल्लीत देशमुखायचा व्हता. त्यायच्या फाटकातून पाह्यला. पुरणपोळी चारताना जीभ लागते, ते त्यायच्या गड्याले विचारलं.”

“पण तू सहावीत...” मी मनात वर्षे मोजू लागलो. हिशोब जुळेना. “तू तर एक वर्ष आधी सहावीत होतीस.”

“दोनदा व्हतो ना. पयल्या वर्षी नापास झालो. दिवाळीचा निबंध आला व्हता. खरं लिवलं.” हे तिने इतक्या साधेपणाने सांगितले की त्यात तक्रार आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. “मंग बाबा म्हणाले का पेपरात चूक नव्हती, पण तपासणाऱ्याले पटलं नाई. तवा मले समजलं का पेपर कसा लिवा लागते.”

तपासणारा कोण, हे तिला माहीत होते काय? मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की माहीत होते. नऊ वर्षे माहीत होते. या नऊ वर्षांत मी तुझ्या घरी चार वेळा जेवलो, आणि दोनदा भाकरी तिनेच वाढली.

वहिनी प्रथमच बोलल्या. “तीन मार्कं कमी पडले व्हते, भाऊजी. ह्यायच्या हातात व्हते. वर्गमास्तर व्हते ना. त्याच वर्षी दुसऱ्या दोन लेकरायले देल्ले. आपल्या पोरीले नाई देल्ले. मी महिनाभर बोलली नाई ह्यायच्यासंग.”

“काहून नाई दिले?” मी विचारले.

“हेडमास्तर साऱ्यायसमोर बोलले व्हते का, तायडे मास्तर आता आपल्या लोकायलेच वर काढतीन. मंग हे म्हणाले, माया हातून तिले एक मार्क जास्त गेला तं उद्या साऱ्या लेकरायचे मार्क खोटे ठरतीन.”

मी उठून बाहेर आलो. तुझ्या ओट्यावर बसलो. मला प्रथम राग आला तो तुझा. तो राग मी येथे लिहून ठेवतो, कारण तुझ्यापाशी तो बोलायची सोय आता उरलेली नाही. तू माझ्याकडे आला होतास. दोन पेले पाणी प्यालास. ‘माझी विमल आहे’ एवढेच तुला म्हणायचे होते. तू म्हणाला नाहीस. मुलीचे वर्ष तू करारापायी जाऊ दिलेस. निःपक्षपातीपणाची किंमत घरातल्या सर्वांत लहान माणसाने भरावी, हा कुठला न्याय? तिच्या उत्तरपत्रिकेवर नापासाचा शिक्का मारताना तुझा हात कसा होता, ते वहिनींनी पाहिले असेल. मी पाहिले नाही.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि तो राग तेथेच बसला. तुझ्या विमलच्या दोन वर्षांनंतर माझा पुतण्या माझ्याच वर्गात दोन गुणांनी राहिला होता. गुण तूच पाठवलेस, नंबराने. मी नाव पाहिले आणि दोन कृपागुण दिले. कोणी काही बोलले नाही. माझ्या हेडमास्तरांनी त्यावर सही केली. ‘देशमुख मास्तर आपल्या लोकांनाच वर काढतात,’ असे माझ्याबद्दल कोणाच्या मनातही आले नाही. माझ्या मनात तर नाहीच. ती गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. तुझ्या ओट्यावर बसेपर्यंत ती मला अन्याय म्हणून आठवली नव्हती, न्याय म्हणूनही नव्हती. तुला तीन गुण देता आले नाहीत आणि मला दोन देता आले, यात आपल्या दोघांच्या स्वभावाचा काही भाग नव्हता.

पक्षपात म्हटला की आपण द्वेष शोधतो. मीही शोधला. त्या संध्याकाळी तुझ्या ओट्यावर बसून मी स्वतःची नीट तपासणी केली, जशी वही तपासतो तशी. सतरा नंबर वाचताना मला राग आला होता का? नाही. हे बौद्ध मूल आहे, हे कळले होते का? कळले होते. म्हणून गुण कापले का? नाही, मी शपथेवर सांगेन की नाही. लिहिणाऱ्याने विषय सोडला म्हणून मी कापले. आणि विषय काय, हे ठरवणारा मीच होतो. द्वेष असता तर निदान कधी तरी माझी मलाच लाज वाटली असती. मी शांतपणे, नियमाप्रमाणे, लाल शाईने एका मुलीला शिकवले की आपल्या घरात जे घडले ते लिहिण्याजोगे नाही. आणि पुढच्या वर्षी तिने दुसऱ्याच्या घरातले लिहिले तेव्हा ‘अनुभव’ म्हणून तिची पाठ थोपटली.

तू का बोलला नाहीस, ते मला आता कळते असे वाटते. चुकत असेन तर कोण सांगणार? तू नाव सांगितले असतेस तर मी त्याच क्षणी गुण वाढवले असते. पंधरा दिले असते, सोळाही दिले असते. पण ते दौलतच्या मुलीला दिले असते. सतरा नंबरला मिळाले असते तीनच. नाव न कळता मी ते वाक्य पुन्हा वाचावे आणि माझे मला दिसावे, यासाठी तू उन्हातून आला होतास. मी तुला जेवायला घातले आणि परत पाठवले. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकला नाही, दौलत. तो टाकलास म्हणून मी तुझा ऋणी आहे, आणि त्याचे मी काय केले ते वर लिहिले आहे.

संध्याकाळी विमल बाहेर चहा घेऊन आली. मी म्हणालो, “विमल, तो सतरा नंबर मीच तपासला होता.”

“ठाव हाय, काका.”

“माझे चुकले.”

“आता कायले? जाऊ द्या. तुमच्यामुळं मले पेपर लिवता येऊ लागला.” ती खाली बसली. माझी समजूत घालावी म्हणून ती बोलत होती, टोचावे म्हणून नव्हे. “मी माया वर्गातल्या लेकरायलेबी तेच सांगतो. पेपर कोण तपासून राह्यला ते आधी पाहा. त्याले पायजे ते लिवा. पास व्हा, मंग घरी येऊन खरं बोला. माया वर्गाचा निकाल चांगला लागते, काका. तपासणीच्या साहेबानं चांगला शेरा देल्ला मागच्या खेपेले.”

मी चहा प्यालो. ती चांगली शिक्षिका आहे. तिच्या मुलांनी वर्ष गमावू नये म्हणून ती हे करते. तिच्याकडे तसे करण्याला कारण आहे आणि ते कारण मी आहे. थोड्या वेळाने तिने विचारले, “आता त्या पयल्या निबंधाले किती देसान?”

तिने ते हसत विचारले होते. आता ते गुण मला देता येणार नव्हते. मला नाव माहीत झाले होते.

मी अमरावतीला परतलो तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी पोळ्याआधीचा शनिवार. सहावीच्या मुलांना वरच्या वर्गातून कळलेले असते की या दिवशी गुरुजी बैलाचा निबंध वाचतात. त्यांनी वह्या उघडून ठेवल्या होत्या, कारण मी त्यातले चांगले शब्द लिहून घ्यायला सांगतो. मी माझी वही टेबलावर ठेवली आणि उघडली नाही. म्हणालो, “आज मी वाचणार नाही. तुम्ही लिहा. पोळ्याच्या दिवशी तुमच्या घरी काय होते ते. ज्यांच्या घरी पोळा होत नाही, त्यांनी होत नाही असे लिहावे आणि त्या दिवशी काय केले ते लिहावे. काहीच केले नसेल तर तेही चालेल.”

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वर्षे ती माझ्या शाळेत आहे, आणि विचारल्याशिवाय बोललेली मला आठवत नाही.

“गुर्जी, खरं खरं लिवाचं काय?”

माझा वर्ग कशालाही हसतो. एखाद्याचा टाक पडला तरी हसतो. या प्रश्नाला कोणी हसले नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला दिसले की हा प्रश्न त्या एकटीचा नव्हता.

मी म्हणालो, “हो. खरे.”

ती बसली. तिने शेजारणीकडे पाहिले, शेजारणीने मागच्या बाकाकडे. घंटा व्हायला पंचवीस मिनिटे होती. मी खुर्चीवर बसलो, हात टेबलावर ठेवले आणि वाट पाहू लागलो.

बेचाळीस मुले होती, दौलत. कोणीही लिहायला सुरुवात केली नाही.